संगणक पुन्हां जागा कां होत नाहीं?

गेल्या पावसाळ्यांत आपल्या विज्ञानशाळेंत घडलेली एक हकीकत आज सांगावयाची आहे. तींत थोडें शास्त्र आहे, आणि आमच्या एका चुकीची कबुलीही आहे.

पावसाची व तापमानाची नोंद ठेवण्यासाठीं आपण एक लहानसा संगणक बसविला आहे. तळहाताएवढ्या एकाच फळीवर त्याचें सारें यंत्र सामावलेलें असून, त्याची सर्व विद्या नखाएवढ्या मेमरी कार्डांत साठविलेली असते. दर रविवारीं रात्रीं त्यानें आपण होऊन रिबूट व्हावें, अशी योजना होती. जुनें कार्ड भरलें म्हणून नववीच्या एका विद्यार्थ्यानें नवें, अधिक वेगवान कार्ड बसविलें. आणि पुढच्या सोमवारीं पाहतों तों पडदा काळा! रात्रभराच्या नोंदी बुडाल्या. त्यापुढच्या सोमवारींही तेंच. आम्हीं त्या मुलाला चौघांदेखत निष्काळजी ठरविलें. तो उलट बोलला नाहीं, मात्र त्यानें आपल्या वहींत एक ओळ टिपून ठेविली होती: "रिबूट केल्यास सुरू होत नाहीं, वीज तोडून जोडल्यास दर वेळीं सुरू होतो."

ही ओळ वाचतांच आमचे डोळे उघडले. कार्ड बिघडलेलें किंवा वांकडें बसलेलें असतें, तर वीज तोडून जोडल्यानेंही संगणक दर वेळीं बिनचूक सुरू झाला नसता. तेव्हां दोषाचें मूळ दोन प्रकारच्या आरंभांतील फरकांत शोधावयास हवें होतें.

तो फरक असा. कार्डाला चालण्यासाठीं ३.३ व्होल्ट दाबाची वीज मिळते. संगणक व कार्ड यांच्यामध्यें जे संकेत जातात येतात, तेही आरंभीं त्याच दाबाचे असतात. परंतु कार्ड 'यूएचएस' या वेगवान जातीचें असल्यास संगणक त्यास ११ क्रमांकाची आज्ञा देतो, आणि उभयतां संकेतांचा दाब १.८ व्होल्टांवर उतरवितात. दाब कमी असला म्हणजे संकेतांची चढउतार जलद होऊं शकते. रिबूट होतांना संगणक हा करार विसरून पुन्हां ३.३ व्होल्टांत बोलूं लागतो. पण कार्डाची वीज मध्यंतरीं तुटलेली नसल्यास तें १.८ व्होल्टांतच राहतें. शून्य क्रमांकाची आरंभाज्ञाही त्यास मागें आणूं शकत नाहीं. त्यासाठीं कार्डाची वीजच तोडावी लागते, आणि तीही अशी कीं, दाब ०.५ व्होल्टांखालीं जाऊन निदान १ सहस्रांश सेकंद तेथेंच राहील.

समजा, वर्गांत शिक्षक व मुलें यांनीं हलक्या आवाजांत बोलावयाचें ठरविलें. तास संपून दुसरे शिक्षक आले. त्यांस हा ठराव ठाऊक नाहीं. ते मोठ्यानें हजेरी घेतात, मुलें कुजबुजून 'हजर' म्हणतात, आणि शिक्षकांस वाटतें कीं वर्ग रिकामा आहे. आपल्या संगणकाचें नेमकें असेंच झालें होतें.

यावर उपाय दोन. पहिला व उत्तम उपाय म्हणजे, फळीवरच कार्डाची वीज तोडणारी कळ असावी आणि रिबूटच्या वेळीं ती फिरविली जावी. २०१९ सालीं निघालेल्या 'रास्पबेरी पाय ४' या संगणकांत कार्डाची वीज व संकेतांचा दाब या दोहोंवर असें निरनिराळें नियंत्रण आहे. फळीवर कळ नसेल तर दुसरा उपाय: 'लिनक्स'मध्यें यंत्राच्या भागांचें वर्णन करणारी 'डिव्हाइस ट्री' नांवाची यादी असते, तींत कार्डाच्या सदरीं 'नो-१-८-व्ही' एवढी नोंद करावी. मग संगणक १.८ व्होल्टांचा करारच करीत नाहीं. त्याची किंमत वेगांत मोजावी लागते: यूएचएसच्या पहिल्या श्रेणीची कमाल मर्यादा सेकंदास १०४ मेगाबाइट आहे, ती २५ वर येते.

आपल्या फळीवर कळ नव्हती, म्हणून आम्हीं दुसरा उपाय योजिला. पावसाचे चार आंकडे लिहावयास तेवढा वेग पुरून उरतो. त्यानंतर एकही सोमवार फुकट गेला नाहीं.

घरीं असा प्रसंग आल्यास पालकांनींही हाच क्रम ठेवावा. प्रथम वीज तोडून जोडून पाहावें. मात्र संगणक रीतीनें बंद केल्यावरच वीज तोडावी, नाहीं तर कार्डावरील लेखन बिघडतें. दोन्ही प्रकारें अडत असेल, तर वीज पुरविणारें साधन दुबळें आहे काय किंवा कार्डच नासलें आहे काय, तें तपासावें. केवळ रिबूटच्या वेळींच अडत असेल, तर जुनें मंदगति कार्ड घालून पाहावें; तें चालल्यास दाबाचा संशय बळावतो.

राहिली आमची चूक. ज्या चौघांदेखत आम्हीं त्या विद्यार्थ्यास दोष दिला होता, त्यांच्याच समोर आम्हीं त्याची क्षमा मागितली आणि त्याच्या वहींतील ती ओळ फळ्यावर लिहिली. नव्या कार्डानंतर दोष उद्भवला एवढ्यावरून कार्ड बसविणारा दोषी ठरत नाहीं, हा धडा त्या दिवशीं विद्यार्थ्यानें शिक्षकास शिकविला.