दुखावलेले बालपण आणि ऐकणारे माणूस : तीन आत्मपर लेखनांच्या आधारे

१

मराठी आत्मपर गद्याची समीक्षा प्रामुख्याने प्रांजळपणा, सामाजिक दस्तऐवज म्हणून असलेले मोल आणि वाङ्मयीन घाट या तीन अंगांनी होत आली आहे. या लेखनातील बालपण मात्र ‘जडणघडणीचा काळ’ या एका मथळ्याखाली आटोपले जाते. बालपणी बसलेला आघात व्यक्तीच्या वाढीवर कोणता परिणाम करतो आणि त्यातून सावरण्याच्या वाटा कोणत्या, हा प्रश्न या लेखनाला विचारून पाहण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी तीन कृती घेतल्या आहेत : आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४), साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) आणि दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८). यांपैकी पहिल्या दोहोंची मुळे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, अनुक्रमे देवरुख आणि पालगड येथे आहेत.

प्रौढाच्या बाबतीत आघात बांधलेल्या घराला तडा देतो. मुलाच्या बाबतीत तो पायातच शिरतो. फेलिटी आणि अँडा यांनी १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, बालपणीचे प्रतिकूल अनुभव जितके अधिक, तितका पुढील वयात नैराश्य, व्यसन व शारीरिक आजार यांचा धोका अधिक. तथापि हा धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. एमी वर्नर यांनी हवाई द्वीपसमूहातील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ व प्रेमळ प्रौढ झाली. आणि अशा मुलांच्या आयुष्यात बहुधा निदान एक तरी भरवशाचे माणूस होते. हे ‘भरवशाचे माणूस’ प्रस्तुत कृतींत कोठे भेटते, हे पाहू.

२

देवरुखच्या गोदूबाई जोशी यांचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. जो पती नीट ओळखीचाही झाला नव्हता, त्याच्या मृत्यूचे दुःख त्या वयाच्या मुलीला कितपत होणार? आघात येथे मृत्यूपेक्षा त्यानंतर भोवतालच्या माणसांनी त्या मुलीला दिलेल्या अर्थात आहे. कालपर्यंत घरातली लेक असलेली मुलगी एका दिवसात अशुभ ठरते. सणासमारंभात तिचे समोर येणे टाळले जाते. केशवपनाची रूढी तिच्या देहावरच तो शिक्का उमटवते. आपण काही केले नसताना आपणच दोषी आहोत, ही भावना मुलाच्या मनात रुजणे, हा बालपणीच्या आघाताचा सर्वांत खोल परिणाम होय.

गोदूबाईंना यातून बाहेर काढणारे पहिले माणूस म्हणजे त्यांचे बंधू नरहरपंत. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेल्या शारदा सदनात ते बहिणीला घेऊन गेले. तेथे गोदूबाईंना सुरक्षित निवारा आणि विद्या दोन्ही मिळाले. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, तेव्हा मुरूडकरांनी कर्वे यांच्यावर बहिष्कार घातला. म्हणजे एका व्यक्तीची जखम भरून येण्यासाठीही समाजाशी झगडावे लागते. पुढे १८९६ च्या अनाथ बालिकाश्रमाच्या कार्यात आनंदीबाईंनी स्वतःला गुंतवले. ज्या दुःखातून त्या गेल्या होत्या, तेच दुःख घेऊन आलेल्या मुलींसाठी त्यांनी कष्ट घेतले. आत्मकथेला ‘पुराण’ म्हणण्यातला मिस्किलपणाही लक्षात घ्यावा. जे एकेकाळी सोसवत नव्हते, ते आता ऐसपैस सांगता येते.

३

‘श्यामची आई’ ही मातृप्रेमाची गाथा म्हणून वाचली जाते. परंतु ती कर्ज, जप्ती, अपमान आणि मातृवियोग यांचीही कहाणी आहे. आईच्या अखेरच्या क्षणी श्याम जवळ नाही, ही तिच्यातली न भरलेली जखम. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ती काही दिवसांत लिहिली. तिचा घाट मात्र लेखनाचा नसून सांगण्याचा आहे : आश्रमातील सोबत्यांना श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. सारे एकदम सांगितले जात नाही. रोज थोडे आणि विश्वासाच्या माणसांत. मानसोपचाराची पद्धतही काहीशी अशीच असते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गुरुजींनी जून १९५० मध्ये स्वतःचे जीवन संपविले. त्याचे कारण बालपणात शोधण्याचा मोह अभ्यासकाने टाळावा. एवढेच म्हणता येईल की, सांगणे ही सावरण्याची सुरुवात असते, हमी नव्हे.

४

‘बलुतं’मध्ये श्रोत्याची जागा अधिक गुंतागुंतीची आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकाच व्यक्तीची दोन रूपे आहेत. जातीने लादलेले अपमान आणि दारिद्र्य यांतून गेलेला मुलगा शिकतो, नाव कमावतो. परंतु जुन्या नावाचा मुलगा मागे राहतोच. समीक्षेने या योजनेला निवेदनतंत्र म्हटले आहे. बाहेर ऐकणारे कोणी नसले, की माणूस आपल्यातच एक श्रोता निर्माण करतो, असाही तिचा अर्थ लावता येईल.

५

ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ साली सावरण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या : सुरक्षितता, आठवणे व शोक करणे, आणि पुन्हा माणसांत येणे. शारदा सदन, श्यामच्या रात्री आणि आनंदीबाईंचे आश्रमकार्य या पायऱ्यांशी जुळतात. सुरक्षिततेपूर्वी आठवणींचा आग्रह धरू नये, हे यातले व्यवहारी सूत्र.

अध्यापकाला हे सूत्र थेट उपयोगी आहे. या कृती शिकवताना एखादी विद्यार्थिनी एकाएकी गप्प होते, एखाद्याच्या स्वाध्यायात पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही उमटते. अशा वेळी वर्गापुढे प्रश्न विचारू नयेत. ‘विसरून जा’ असेही म्हणू नये. एकांतात, न घाईने, शंका न घेता ऐकावे. मात्र सारे गुप्त राखण्याचे वचन देऊ नये : अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या कायद्यानुसार ते कळविणे बंधनकारक आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ आणि मानसिक साहाय्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. अध्यापक उपचारक नसतो. योग्य दारापर्यंत सोबत करणे मात्र त्याला शक्य असते.

सारांश, या तिन्ही कृतींत बालपणीचा आघात केवळ घटनेमुळे खोल होत नाही; त्या घटनेनंतर मूल एकटे पडते, म्हणून तो खोल होतो. सावरण्याची सुरुवातही त्यामुळेच दुसऱ्या माणसापासून होते. नरहरपंतांनी बहिणीचा हात धरून जो प्रवास केला, त्याची नोंद वाङ्मयेतिहासात एका ओळीची असेल. ‘माझे पुराण’ लिहिले जाण्याची शक्यता मात्र तेथेच निर्माण झाली.