मॉसच्या वाढीतून संजीवकांची ओळख

पावसाने जोर धरला की नवी मुंबईत पारसिकच्या उतारावर, खारघरच्या खडकांवर आणि रोपवाटिकांतील कुंड्यांच्या कडांवर हिरवा थर चढतो. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. त्यातील मखमलीसारखी, बारीक पानांची वनस्पती म्हणजे मॉस. तिला खरी मुळे नाहीत, फुलेही नाहीत. तरीही संजीवके पेशीवर कसे कार्य करतात हे समजून घेण्यास ती फार सोयीची आहे. कारण सुरुवातीस ती केवळ एकेरी पेशींच्या धाग्यांची असते आणि होणारा बदल सूक्ष्मदर्शकाखाली पेशीगणिक पाहता येतो.

मॉसचा बीजाणू रुजला की प्रथम हरितद्रव्याने भरलेल्या आखूड पेशींचा धागा निघतो. ऑक्झिनच्या प्रभावाने पुढील पेशी लांबट होतात, त्यांतील हरितलवके कमी होतात व आडव्या भिंती तिरक्या पडतात. अशा धाग्यावरील ठरावीक पेशींना सायटोकायनिन मिळाले की तेथे डोळा फुटतो आणि त्यातून पानांची काडी वर येते. पहिले सायटोकायनिन, म्हणजे कायनेटिन, १९५५ साली सापडले आणि १९५७ सालीच त्याने मॉसला डोळे फुटतात हे दिसून आले.

हा निरोप पेशीत पोहोचतो कसा? सायटोकायनिन ग्राही प्रथिनाला चिकटते. तेथून फॉस्फेटचा कण एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातो व केंद्रकातील जनुके जागी होतात. यात कॅल्शियमचाही वाटा आहे. फ्युनारिया या मॉसमध्ये रसायनाच्या साहाय्याने कॅल्शियम पेशीत शिरू दिले असता सायटोकायनिनशिवायही डोळ्याची सुरुवात झाली, असे १९८२ साली आढळले. ऑक्झिनची रीत निराळी. ते आले की जनुकांना दाबून ठेवणारे प्रथिन नष्ट केले जाते. जणू गाडीचा ब्रेक सुटतो. या ऑक्झिनचा ग्राही २००५ साली सपुष्प वनस्पतीत निश्चित झाला, आणि पुढे तीच यंत्रणा मॉसमध्येही मिळाली. मॉस व आपली पिके यांचे पूर्वज ४५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, हे लक्षात घेतले म्हणजे ही यंत्रणा किती जुनी आहे ते कळते.

बागायतदारांनी यातील दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्यात. कोवळ्या डोळ्यावरील सायटोकायनिन लवकर धुऊन काढले तर डोळा पुन्हा धागा बनतो. म्हणजे निरोप काही काळ टिकावा लागतो. उलट मात्रा फार वाढविली तर डोळे पुष्कळ येतात, पण खुरटतात. केळीच्या ऊतिसंवर्धनात फुटव्यांसाठी सायटोकायनिन व मुळांसाठी ऑक्झिन वापरतात, तेथेही प्रमाण चुकवून चालत नाही. गुटीला आयबीए लावतानाही फांदी योग्य पक्वतेची असावी. निरोप ऐकण्याच्या स्थितीत नसलेल्या पेशीला औषध दुप्पट लावून उपयोग नाही. दुकानात "टॉनिक" म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर घटक व प्रमाण छापलेले नसेल तर ती घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तणनाशक २,४-डी हेदेखील ऑक्झिनच आहे. ब्रेक सुटलेलाच राहिल्याने रुंद पानांची तणे वेडीवाकडी वाढून मरतात. त्याचा अंश वाऱ्याने किंवा न धुतलेल्या पंपातून द्राक्ष, कापूस वा टोमॅटोवर गेल्यास पाने अरुंद होऊन पिळवटतात. म्हणून २,४-डीसाठी पंप वेगळाच ठेवावा व वारा असताना फवारणी करू नये.