चेहऱ्यावरून ठरणारा देश

१७ मे २०२४ च्या रात्री किर्गिझस्तानची राजधानी बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला. चार दिवसांपूर्वी स्थानिक तरुण आणि काही परदेशी विद्यार्थी यांच्यात मारामारी झाली होती, आणि त्यात इजिप्तच्या मुलांचं नाव घेतलं जात होतं. जमावाने मात्र इजिप्तची मुलं वेगळी काढली नाहीत. समोर दिसेल तो परदेशी आणि परदेशी असेल तो दोषी, एवढाच हिशेब होता. पाकिस्तानी विद्यार्थ्यांना मार बसला. भारतीय दूतावासाने आपल्या विद्यार्थ्यांना घराबाहेर पडू नका, असं कळवलं.

लातूर आणि नांदेडच्या पालकांसाठी ही लांबची बातमी नाही. 'लातूर पॅटर्न'च्या या पट्ट्यात डॉक्टर होण्याचं स्वप्न घराघरात आहे. एक-दोनदा रिपीट करूनही नीटचा स्कोअर सरकारी जागेपर्यंत पोचत नाही, खासगी कॉलेजची फी झेपत नाही, आणि मग 'बाहेर एमबीबीएस'चा विचार सुरू होतो. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान आणि २०२२ पर्यंत युक्रेन. कन्सल्टन्सीच्या टेबलावर फी, मेस, विमानाचं तिकीट, परत आल्यावरची परीक्षा असं सगळं विचारलं जातं. तिथले लोक आपल्या लेकराला कोण समजतील आणि तो त्यांना कोणत्या भाषेत उत्तर देईल, हे विचारायचं राहून जातं.

भाषेची अडचण पहिल्याच हिवाळ्यात कळते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातलं शिक्षण इंग्रजी माध्यमातून आणि किमान ५४ महिन्यांचं हवं, शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत करायला हवी. म्हणजे वर्ग इंग्रजीत चालतो. वॉर्डातला पेशंट मात्र रशियन बोलतो, जॉर्जियन बोलतो. पोटात कुठे दुखतं, हे विचारता न येणारा मुलगा तिथल्या नर्सला मठ्ठ वाटतो. तो गप्प बसतो आणि तिचा समज पक्का होतो.

यावरची तयारी घरूनच सुरू करता येते. रशियन लिपीत ३३ अक्षरं आहेत, जॉर्जियन लिपीतही ३३च. प्रवेश नक्की झाल्यापासून विमानात बसेपर्यंत ती सहज गिरवून होतात. त्यांच्यासोबत दुकान, दवाखाना आणि पोलीस ठाणे यांत लागणारी वाक्यं पाठ करावीत. मराठवाड्याच्या मुलांजवळ एक मोठं बळ आहे. देगलूर-बिलोलीकडे कानावर तेलुगू पडते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, बाजारात दखनी, तांड्यावर गोरमाटी. यांतल्या दोन-तीन भाषा ऐकत वाढलेल्या मुलाला आणखी एक भाषा जड जात नाही. आड येते ती भीड. पुण्यात त्याच्या मराठीला कुणी हसलेलं असतं आणि ती बोच तो परदेशातही सोबत नेतो. चुकत बोलावं, पण बोलावं.

मात्र भाषा आली, पदवी मिळाली म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असंही समजू नये. हैदराबादचे श्रीनिवास कुचीभोटला अमेरिकेत शिकले, तिथेच गार्मिन कंपनीत इंजिनिअर झाले. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्ससमधल्या ओलेथा शहरात एका बारमध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. आपण इराणी माणसांना मारलं, असं मारेकऱ्याने नंतर सांगितलं. सोबतचे आलोक मदसानी जखमी झाले, आणि मध्ये पडलेल्या इयन ग्रिलट या अमेरिकन तरुणालाही गोळी लागली.

अशा वेळी ओठावर पहिलं वाक्य येतं, "मी तो नाही." मी पाकिस्तानी नाही, अरब नाही, मुसलमान नाही. जीव वाचवताना माणूस काय बोलेल, याला नियम नाही. पण एरवी हे वाक्य टाळायला हवं, कारण त्याचा अर्थ 'मला सोडा, त्याला धरा' असा होतो. नांदेडला हे समजावून सांगावं लागू नये. सचखंड हुजूर साहिबच्या या शहराला पगडी परकी नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ रोजी, ॲरिझोनातल्या मेसा इथे बलबीरसिंग सोढी यांना त्याच पगडीमुळे अरब समजून मारण्यात आलं. आणि आपल्याकडे? नांदेडचे दखनी शीख इथे पिढ्यानपिढ्या राहतात, मराठी बोलतात, तरी रेल्वेत त्यांना "पंजाबात कुठले?" असं विचारलं जातंच. परदेशात जाणाऱ्या मुलाने आपणही चेहऱ्यावरून गाव ठरवत आलो आहोत, हे ध्यानात ठेवलं तर तिथल्या साध्या कुतूहलावर तो चिडणार नाही आणि खरा अपमानही त्याला ओळखू येईल.

खऱ्या अपमानाची नोंद ठेवावी. घरमालकाने खोली नाकारली, शिक्षकाने वर्गात वंशावरून शेरा मारला, तर तारीख, वेळ, जागा आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवावेत. तक्रार विद्यापीठाकडे लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. रस्त्यावर कुणी अंगावर आलं तर वाद न घालता उजेडाच्या, माणसांच्या जागी जावं. पोचल्याबरोबर भारतीय दूतावासात नाव नोंदवावं. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार कशी करायची, हे घरच्यांनीही शिकून घ्यावं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धातून बाहेर पडताना युक्रेनच्या सीमेवर भारतीय आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना मागे ठेवून इतरांना पुढे सोडल्याच्या तक्रारी आल्या. आफ्रिकी संघाने त्याचा जाहीर निषेध केला. गोठवणाऱ्या थंडीत तिथे मुलांना एकमेकांचाच आधार होता. म्हणून परदेशात फक्त मराठी मुलांच्या खोलीत अडकून राहू नये. नायजेरियाचा वर्गमित्र, पाकिस्तानी शेजारी, ओळखीची दुकानदार बाई, या सगळ्यांचे नंबर मोबाइलमध्ये हवेत.

राहिला घरचा फोन. "जेवलास का, अभ्यास झाला का?" यावर "हो" म्हणून मुलगा मोकळा होतो. कर्ज काढून पाठवलेल्या बापाला "मला इथे कुणी थुंकून बोललं" असं सांगायला त्याची जीभ रेटत नाही. म्हणून आईवडिलांनीच थेट विचारावं: तिथे तुला कुणी त्रास देतं का? आणि तो सांगू लागला की "फी भरलीय, सहन कर" असं न म्हणता त्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.