दुगुन आणि चढती लय

चि. बंटीस,


तुझा अभंग ऐकला. सुरुवात ७२ बीपीएमवर, शेवटचा गजर १४४वर, आणि मधे रीपर सॉफ्टवेअरमध्ये टेम्पोची एक सरळ तिरकी रेघ. अरे, १४४ म्हणजे ७२ची दुप्पट. तुला हवी होती ती दुगुन! पखवाजवाला दुगुन धरतो तेव्हा मात्रा जागची हलत नाही, एका मात्रेत दुप्पट बोल बसतात. तिथे टेम्पोला हातच लावू नकोस; ७२ तसेच राहू दे आणि पखवाजाचे मिडी बोल निम्म्या अंतरावर लिही. तू टेम्पो दुप्पट केलास म्हणून तंबोऱ्याचा लूपसुद्धा धावत सुटलाय.

लय चढवणं हे निराळं काम. भजनात ती जिन्यासारखी चढते. कडवं संपवून ध्रुपदावर येताना, समेवर, मंडळी लय जराशी उचलतात आणि पुढचं कडवं त्याच लयीत ठरतं. म्हणून त्या त्या समेवर शिफ्ट-सी दाबून टेम्पोची खूण टाक : ७२, मग ७५, मग ८०. गजर मात्र सलग चढतो, तिथे दोन खुणांमध्ये हळूहळू बदलणारा टेम्पो चालेल. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे तुझ्या ४/४मध्ये दोन बार. खूण अर्ध्या आवर्तनात पडली तर ठेका अडखळतो.

माझं विचारशील तर आकडे आधी ठरवूच नकोस. गायक आणि पखवाज एकत्र बसव, क्लिक बंद कर आणि एक टेक घे. मग ऐकत ऐकत प्रत्येक समेशी ग्रिड जुळव, आणि टाळ, बासरी वगैरे त्यावर चढव. लॉजिक सॉफ्टवेअरचं स्मार्ट टेम्पो हे काम आपोआप करतं. पण असं यंत्र कधी ७२लाच १४४ समजून बसतं, त्यामुळे कानाने तपासणं चुकत नाही.

मात्र खुणा टाकण्याआधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकचा टाइमबेस ‘टाइम’वर ठेव. बीट्सवर राहिला तर टेम्पो बदलताच आवाज ताणला जातो. गळा थोडंफार सोसतो. टाळ सोसत नाहीत, त्यांचा ठोका चिरडल्यासारखा होतो.

डिलेकडेही बघ. ७२ला एक मात्रा ८३३ मिलिसेकंदांची, ८०ला ७५०ची. तू आकडा हाताने टाकलायस, त्यामुळे दुसऱ्या कडव्यापासून प्रतिध्वनी तालाबाहेर पडतो. तो टेम्पोला जोडून टाक.

शेवटच्या तिहाईला लय ओढून धरलीस ते छान जमलंय, ते बदलू नकोस. टाळ वेगळ्या ट्रॅकवर घेतले असशील तर तेवढे मला पाठव, मिक्सच्या आधी ऐकीन म्हणते.

तुझी,
आत्या