काठी की कुत्रा?

खडूचा एक तुकडा घ्या आणि हा प्रयोग करून पहा. तुम्ही अंगणात एका जागी उभे राहा. तुमच्या मित्राला चार-पाच मीटरांवरून सरळ तुमच्याकडे, सावकाश चालत यायला सांगा. "आता पुरे" असे मनात येताच हात वर करा. तो थांबेल तेथे रेघ मारा. मग हाच प्रयोग फारशी ओळख नसलेल्या मुलाबरोबर करा. दोन्ही रेघा एकाच जागी पडल्या तर मला नवल वाटेल. आपल्याभोवती कुंपण नाही, भिंत नाही, तरी कोठेतरी आपली हद्द लागते आणि ती ओलांडली गेली की अंग आपोआप मागे सरते.

प्राण्यांमध्ये ही हद्द फार स्पष्ट दिसते. हेडिगर नावाच्या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने प्राणिसंग्रहालयांतील प्राण्यांचे निरीक्षण करून दाखवून दिले, की माणूस विशिष्ट अंतरापर्यंत आला तर प्राणी नुसता पाहत राहतो. त्याच्या आत आला की पळू लागतो. माणसाच्या बाबतीत हेच मोजमाप एडवर्ड हॉल या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९६६ साली आपल्या पुस्तकात मांडले. सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त अगदी जवळची माणसे, तेथून १.२ मीटरपर्यंत मित्र आणि ओळखीचे, त्यापलीकडे इतर. हे आकडे त्याने पाहिलेल्या अमेरिकन मध्यमवर्गीयांचे आहेत आणि देशोदेशी ते बदलतात, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. मुंबईच्या लोकलमध्ये सायंकाळी सहा वाजता हॉलसाहेब उभे राहिले असते तर त्यांना पट्टीच खिशात ठेवावी लागली असती!

ही हद्द नुसती सवयीची नाही. तिची मुळे मेंदूत आहेत. १९८१ साली इटलीतील रिझोलाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडाच्या मेंदूत काही विलक्षण पेशी असल्याचे दाखवले. त्वचेला स्पर्श झाला की त्या पेशी जाग्या होत. पण स्पर्श न करता एखादी वस्तू त्वचेच्या अगदी जवळ आणली तरीही त्या जाग्या होत. वस्तू दूर नेली की गप्प. म्हणजे मेंदूच्या लेखी शरीर कातडीपाशी संपत नाही. हाताभोवतीची थोडी हवाही तो 'आपली' मानतो. पुढे १९९६ साली जपानमधील इरिकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना लहान दाताळ्याने खाऊ ओढून घ्यायला शिकवले. सरावानंतर अशा पेशींचे क्षेत्र हातापुरते न राहता दाताळ्याच्या टोकापर्यंत पसरले. अंध व्यक्ती पांढऱ्या काठीने रस्ता चाचपते तेव्हा तिला खड्डा मुठीत नव्हे, काठीच्या टोकाशी जाणवतो. क्रिकेटपटूचे बॅटशी असलेले नातेही असेच.

शरीराजवळच्या जागेत येणाऱ्या वस्तूला त्यामुळे दोन तऱ्हा उरतात. ती काठीसारखी आपल्या शरीराचाच भाग होऊ शकते; नाहीतर कुत्र्यासारखी, म्हणजे स्वतःच्या इच्छेने हलणारी, जवळ आलेली दुसरी कोणीतरी होऊ शकते. कुत्रा कितीही लाडका असला तरी तो काठी नव्हे. तो येताना आपण त्याच्याकडे पाहतो, त्याचा बेत ओळखतो, हात पुढे करतो किंवा आखडतो.

आता या जागेत एक नवे यंत्र येऊ पाहत आहे. लग्नमांडवावर घिरट्या घालणारा किंवा शेतात औषध फवारणारा ड्रोन तुम्ही पाहिला असेल. तो काठी आहे की कुत्रा?

प्रथम या यंत्राचे शरीर पाहू. साध्या ड्रोनला चार पंखे असतात. दोन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, दोन उलट. त्यामुळे एका जोडीचा पीळ दुसरी जोडी रद्द करते आणि ड्रोन स्वतःभोवती गरगरत नाही. मागचे पंखे थोडे जोरात फिरवले की तो पुढे झुकतो आणि पुढे जातो. संशोधनशाळांत फार वापरला जाणारा 'क्रेझीफ्लाय' नावाचा छोटा ड्रोन स्वीडनमध्ये तयार होतो. त्याचे वजन फक्त २७ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांची साडेतीन नाणी! तो तळहातावर सहज मावतो. इतका हलका जीव जवळ आला तर त्रास तो काय, असे वाटेल. पण गणित करून पहा.

हवेत तरंगायचे तर न्यूटनच्या तिसऱ्या गतिनियमाप्रमाणे ड्रोनने आपल्या वजनाइतक्या बलाने हवा खाली ढकलली पाहिजे. २७ ग्रॅमला हे बल सुमारे ०.२६५ न्यूटन होते. प्रत्येक पंख्याचा व्यास सुमारे ४५ मिलिमीटर, म्हणून चारही पंख्यांच्या वर्तुळांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर उत्तर येते ते असे: ड्रोनला दर सेकंदाला सुमारे ३२ ग्रॅम हवा सेकंदाला सुमारे ८ मीटर वेगाने खाली फेकावी लागते. म्हणजे स्वतःच्या वजनाहून थोडी अधिक हवा, दर सेकंदाला, ताशी तीस किलोमीटर वेगाने! उतारावरून सायकल सोडल्यावर तोंडावर लागणारा वारा आठवा. हा हिशेब आदर्श पंख्याचा आहे आणि खाली जाता जाता वारा पसरून मंदावतोही; पण ड्रोनखाली हात धरला तर तो नक्की जाणवतो.

पंखे मोठे केले तर? व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होते, वाऱ्याचा वेग निम्मा होतो. वारा मवाळ झाला, पण यंत्र तळहातात मावेनासे झाले आणि पाती लांब झाली. मोठे पाते बोटाला लागले तर जखमही मोठी. पात्यांभोवती जाळी बसवली तर बोटे वाचतात, पण वजन वाढते. वजन वाढले की वारा वाढतो. अभियंत्याचे काम हे असे असते. एक बाजू ओढली की दुसरी उघडी पडते, आखूड पांघरुणासारखी.

आवाजाची तऱ्हा आणखी गमतीची आहे. इतके लहान पंखे मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेतात. १८,००० फेरे धरले तर सेकंदाला ३००; प्रत्येक पंख्याला दोन पाती, म्हणून हवेला सेकंदाला ६०० ठोके. मादी डासाची गुणगुण साधारण याच पट्टीत असते. कानाजवळ असा आवाज आला की आपला हात विचार न करता उठतो. बिचाऱ्या ड्रोनचा दोष एवढाच, की त्याचा सूर डासाच्या सुराला मिळतो.

इतके असूनही माणसे ड्रोनशी कशी वागतात, हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली पाहिले. लोकांना कोणतेही नियम न सांगता त्यांनी फक्त एवढेच सांगितले, की ड्रोनकडून अमुक काम करून घ्या. ड्रोन प्रत्यक्षात लपलेला माणूस चालवत होता. लोकांनी हाताने 'ये, ये' असे बोलावले, तळहात दाखवून थांबवले. कित्येकजण त्याच्याशी पाळीव प्राण्याशी बोलावे तसे बोलले. त्यानंतर २०१७ साली भोवती संरक्षक आवरण असलेला, हात लावला तरी इजा न होणारा ड्रोन वापरून असाच अभ्यास झाला. तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी, कोणी न सांगता, त्याला हाताने ढकलले, धरले, सरकवले. पाती झाकली गेली आणि हद्द आत सरकली.

म्हणजे ड्रोन कुत्रा ठरला तर! पण थांबा, एवढ्यात निकाल देऊ नका. आपले शरीर 'हे माझे' आणि 'हे दुसऱ्याचे' कसे ठरवते, ते आधी पाहू. स्वतःच्या तळव्याला स्वतः गुदगुल्या करून पहा. होत नाहीत. हात कोठे, केव्हा लागणार हे मेंदूला आधीच ठाऊक असते, म्हणून तो ती संवेदना दाबून टाकतो. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यासाठी यंत्रमानव मध्ये घातला. माणूस डाव्या हाताने एक दांडी हलवी आणि यंत्र त्याबरहुकूम स्पंजचा तुकडा त्याच्या उजव्या तळहातावर फिरवी. हालचाल त्याच क्षणी पोचली तर गुदगुल्या कमी. मग संशोधकांनी मुद्दाम उशीर घातला, आधी सेकंदाचा दहावा भाग, मग दोन दशांश, मग तीन दशांश. जसजसा उशीर वाढला तसतशा गुदगुल्या वाढल्या. हात त्याचाच, यंत्र तेच. फक्त थोडा उशीर झाला आणि स्वतःचा स्पर्श परक्याचा वाटू लागला.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. काठी आणि कुत्रा यांच्यामधली भिंत सेकंदाच्या काही दशांशांची आहे, असे तो सांगतो. हाताच्या हालचालीला ड्रोनने तत्काळ साथ दिली तर तो हाताचा विस्तार होईल. रेंगाळून दिली तर कोणी दुसरा.

मेलबर्न येथील काही संशोधकांनी २०२० साली 'ड्रोन ची' नावाचा जो प्रयोग मांडला तो नेमका या भिंतीवरून चालतो. 'ताई ची' हा चिनी व्यायामप्रकार तुम्ही कधी पाहिला असेल. पाण्याखाली असल्यासारख्या संथ हालचाली. फुलासारखे आवरण घातलेला एक चिमुकला ड्रोन व्यायाम करणाऱ्याच्या हाताजवळ तरंगतो आणि हाताच्या गतीला जोडून हलतो. हात कोठे आहे हे खोलीतील कॅमेरे हातावरच्या खुणांवरून सतत मोजतात, संगणक हिशेब करतो, ड्रोनला आज्ञा जाते. हात संथ असेल तर यंत्राला साथ साधते. म्हणून माणूसही संथ होतो आणि स्वतःच्या हाताकडे कधी दिले नसेल एवढे लक्ष देऊ लागतो.

संथपणाला आपल्या कातडीतही जागा आहे. केसाळ त्वचेत, उदाहरणार्थ पुढच्या हातावर, काही बारीक मज्जातंतू असे असतात, की ते हळुवार कुरवाळण्यालाच उत्तम प्रतिसाद देतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे २००९ साली झालेल्या मोजणीत सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या मऊ ब्रशाला त्यांनी सर्वांत जास्त दाद दिली, आणि लोकांनाही तोच वेग सर्वांत सुखद वाटला. हे तंतू संदेश नेतात सेकंदाला जेमतेम एक मीटर. नेहमीच्या स्पर्शाचे जाड तंतू मात्र सुमारे पन्नास मीटर. आई पाठीवरून हात फिरवते तो कोणत्या वेगाने, हे तिला कोणी शिकवलेले नसते. यंत्राला मात्र आकडा द्यावा लागतो.

तो आकडा शोधायचा कसा? स्टॉकहोममधील क्रिस्टिना हूक यांचे म्हणणे, की आराखडा करणाऱ्याने आधी स्वतःचे शरीर तपासावे. त्यांच्या गटातील लोक संगणकापाशी बसण्याआधी जमिनीवर आडवे होऊन, हातपाय हळूहळू हलवत, शरीराचा कोणता भाग टेकला आहे, श्वास कोठे अडतो, हे नोंदवीत. त्यातून एक गादी तयार झाली. ती एकेका जागी ऊब देऊन त्या अवयवाकडे लक्ष वेधते. आणि एक दिवा तयार झाला, जो आडव्या पडलेल्या माणसाच्या श्वासाबरोबर उजळतो आणि मंदावतो. २०१८ साली त्यांनी ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली. काहींना हे शास्त्र कमी आणि योगासनांचा वर्ग जास्त वाटेल. मला तसे वाटत नाही. शिंप्याने माप घेतल्याशिवाय सदरा बेतू नये, एवढेच त्या सांगत आहेत.

माप न घेता बेतलेल्या यंत्राचा जाच कोणाला होईल, याचाही विचार करा. तुम्ही-आम्ही मागे सरकू शकतो. खाटेवर खिळलेल्या आजोबांजवळ औषध घेऊन ड्रोन आला तर त्यांना मागे सरकता येत नाही. त्यात ड्रोनला बहुधा कॅमेरा असतो; म्हणजे तो जवळ येतो तेव्हा नुसता येत नाही, पाहतही असतो. हात झटकला तर त्याने दूर व्हावे, हे त्याच्या आज्ञावलीत कोणी लिहिले आहे का? लिहिले नसेल तर तो काठीही नव्हे आणि कुत्राही नव्हे. कुत्रा निदान हड् म्हटल्यावर सरकतो.

जर्मनीतील संशोधकांनी २०१७ साली अंध व्यक्तींना वाट दाखवण्यासाठी ड्रोन वापरून पाहिला. एका तऱ्हेत ड्रोन मोकळा उडत पुढे जाई आणि चालणारा त्याच्या आवाजामागे जाई. डासासारखा म्हणून आपण ज्या आवाजाला नावे ठेवली तोच येथे वाटाड्या! दुसऱ्या तऱ्हेत ड्रोनला बांधलेल्या दोरीचे टोक चालणाऱ्याच्या हातात असे आणि दिशा ओढीने कळे. या दोरीत मला एक मोठा गुण दिसतो. नको वाटले तर ती सोडून देता येते.

आता पुन्हा खडू हातात घ्या. या वेळी डोळे मिटून उभे राहा आणि मित्राला एकदा समोरून, एकदा पाठीमागून यायला सांगा. तिसऱ्यांदा त्याला येताना तोंडाने सतत गुणगुणायला सांगा. चारही रेघांची अंतरे मोजपट्टीने मोजून वहीत लिहा, डोळे उघडे असतानाचीही. खऱ्या ड्रोनच्या फिरत्या पात्यांजवळ मात्र बोट नेऊ नका. तुमच्या वहीतले आकडे पाहून सांगा, आजोबांच्या खाटेपाशी ड्रोन कोणत्या बाजूने, किती हळू आणि कोणता आवाज करीत यावा?