कुणी स्टेम सेल सुचवले, तर क्रमाने काय करावे

पेशंट विषाणूजन्य न्यूमोनियाने गंभीर आहे आणि कुणी सांगते, ‘स्टेम सेल द्या, फुप्फुस नवे होईल.’ गोव्यात पेडण्याजवळच्या केरीतल्या घरच्यांनी अशा वेळी या क्रमाने जावे.

१. आधी ऑक्सिजन. पेशंटला पाच मिनिटे शांत बसवून ऑक्सिमीटर लावा. बोट गार नको, नखाला रंग नको. आकडा स्थिरावला की मगच वाचा. ९४च्या खाली गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ९०च्या खाली गेला किंवा श्वास मिनिटाला ३०हून जास्त झाला, तर थेट १०८ला रुग्णवाहिकेसाठी फोन करा. केरीहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) पोचायला तासाहून अधिक लागतो, तेव्हा ‘सकाळी बघू’ नकोच. पेशंट नदीपलीकडे तेरेखोलात असेल तर रात्री उशिरा फेरीबोट नसते, हे फोनवरच सांगा. गाडी येईपर्यंत, पेशंट पूर्ण शुद्धीवर असेल आणि उलट्या नसतील तर पालथा निजवा. पाठीकडचे फुप्फुस मोकळे होते. गरोदर बाईला डाव्या कुशीवर.

२. चालू उपचार मोडू नका. कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्वस्तातल्या औषधाने सुमारे एक तृतीयांशाने घटले, हे २०२० साली सिद्ध झाले. स्टेम सेलचे तसे झालेले नाही. अमेरिकेत ३०० पेशंटांवर ठरलेली मोठी चाचणी २२२ जणांनंतर डिसेंबर २०२०मध्ये थांबवली, कारण मृत्यू कमी होण्याची चिन्हे दिसेनात.

३. दावा तपासा. शिरेतून दिलेल्या या पेशी बहुतेक फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात आणि थोड्याच दिवसांत नष्ट होतात. त्यांच्या स्रावांनी सूज उतरेल, ही आशा आहे. त्यांचे नवे फुप्फुस बनत नाही. ते बनते असे सांगणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

४. चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा अप्रमाणित उपचार फक्त मंजूर चाचणीतच देता येतो. क्रमांक सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर घालून इस्पितळाचे नाव आणि आजार जुळतो का, ते पाहा.

५. पैसे मागितले तर तिथेच थांबा. चाचणीतल्या पेशंटाकडून पेशींचे पैसे घ्यायचे नसतात. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणेही आयोजकांवर बंधनकारक आहे.

६. संमतिपत्र मराठीत मागा, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि सही केल्यावर एक प्रत स्वतःकडे ठेवा.