घोयऱ्याची पिले : ऊब आणि उजेड

बंगळूर शहराच्या पूर्वेकडील कृष्णराजपुरम, ज्याला सर्वजण के. आर. पुरम म्हणतात, हे २००७ पर्यंत स्वतंत्र नगरपालिकेचे गाव होते. जुन्या मद्रास रस्त्याच्या दोन्ही अंगांस आज तेथे दाट वस्ती झालेली आहे. या शहराच्या परिसरातील झुडपांत आढळणाऱ्या देशी घोयऱ्याला कन्नड भाषेत गोसुंबे म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले असल्यामुळे त्याला पकडणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा होय. हौशी लोक पाळतात तो घोयरा निराळा. तो मूळचा येमेन व सौदी अरेबिया या देशांतील असून त्याच्या डोक्यावर उंच तुरा असतो. अशा परदेशी प्राण्यांची, तसेच त्यांना होणाऱ्या पिलांचीही, सरकारदरबारी नोंद करणे २०२२ च्या कायदेदुरुस्तीने व २०२४ च्या नियमांनी आवश्यक केले आहे. पुढील विवेचन या येमेनी घोयऱ्याच्या पिलांविषयी आहे.

अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिलू जेमतेम दीड ग्रॅम वजनाचे असते. अशा इवल्या जिवाला ऊब द्यावी, आणि ती जितकी अधिक तितकी बरी, असे पाळणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. बहुतेक पिले दगावतात ती याच समजुतीमुळे नसली, तरी कित्येकांचा घात तिने केला आहे हे खरे. घोयरा स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून तापमान राखू शकत नाही; तो ती बाहेरून घेतो. आता समजा, एका प्राण्याची लांबी दुसऱ्याच्या दहापट आहे आणि दोघांचा आकार सारखाच आहे. मोठ्याचे पृष्ठफळ लहानाच्या शंभरपट भरेल, परंतु घनफळ हजारपट भरेल. म्हणजेच लहान प्राण्याच्या प्रत्येक ग्रॅममागे दहापट कातडी उघडी असते. तो झटकन तापतो, झटकन निवतो आणि, जे अधिक महत्त्वाचे, झटकन सुकतो. प्रौढ घोयरा ज्या दिव्याखाली तासभर आरामात बसतो, त्याच दिव्याखाली पिलू काही मिनिटांत संकटात सापडते.

म्हणून प्रौढासाठी दिव्याखालच्या फांदीवर ३० अंश सेल्सिअसच्या वर तापमान चालत असले, तरी पिलांसाठी ते २७ ते २९ अंशांपुरतेच ठेवावे. पिंजऱ्याच्या उरलेल्या भागात २२ ते २५ अंश पुरेत. दिव्याचे वॉट वाचून हे ठरत नाही. तोच दिवा चार बोटे खाली आणला की हिशेब बदलतो. तापमापक फांदीवर, नेमका पिलाची पाठ असते त्या उंचीवर, ठेवून पाहिला पाहिजे. पिंजऱ्याचा एक भाग मात्र नेहमी सावलीचा व थंड हवा. पानांनी भरलेली जास्वंदीची कुंडी यासाठी उत्तम. तिच्या पानांवर शिंपडलेले पाण्याचे थेंब पिले चाटतात, कारण वाटीतले स्थिर पाणी बहुधा त्यांच्या लक्षातच येत नाही.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, आणि ही गोष्ट पाळणाऱ्याच्या पथ्यावर पडते. एप्रिलच्या दुपारी पारा ३४ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत दिवा लावण्याचे कारणच नसते. काळजी घ्यावयाची ती पत्र्याच्या छपराखालच्या खोलीची. जानेवारीत पहाटेचे तापमान १६ अंशांपर्यंत उतरते. तेव्हा सकाळचे दोन-तीन तास मंद दिवा उपयोगी पडतो. थंड सकाळी पिलू फळमाशीवर जीभ फेकते, हे पाहून ते पुरेसे तापले आहे असा समज होतो. तो फसवा आहे. क्रिस्टोफर अँडरसन व स्टीफन डेबन यांनी २०१० मध्ये याच जातीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. थंडीत जीभ बाहेर फेकण्याचा वेग थोडाच घटतो, कारण ती ताणून धरलेल्या तंतूंच्या लवचीकपणावर सुटते. आत ओढण्याचे काम स्नायूंचे, आणि त्याचा वेग मात्र पुष्कळ मंदावतो. तेव्हा शिकार साधली म्हणून ती पचेलच असे नाही. पचनाला ऊब लागते.

रात्री दिवा नको. लाल रंगाचा दिवा प्राण्यांना दिसत नाही ही समजूत निराधार आहे; घोयऱ्याला तो दिसतो आणि त्याची झोप मोडते. रात्रीचा थोडा गारवा त्याच्या मूळ डोंगराळ प्रदेशातही असतोच. तळाशी ठेवावयाच्या तापत्या दगडाचाही उपयोग नाही, कारण हा प्राणी झाडावरचा असून ऊब वरून, उजेडाबरोबर येते हेच त्याला ठाऊक असते.

आता उजेडाविषयी. ऊब आणि उजेड या दोन स्वतंत्र गरजा असून एकीने दुसरी भागत नाही. सूर्यप्रकाशातील सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या जंबुपार किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्वाचे पूर्वरूप तयार होते, आणि त्या पूर्वरूपाचे जीवनसत्त्वात रूपांतर होते ते शरीराच्या उबेने. किरणांनी सुरू केलेले काम उष्णता पुरे करते. केवळ एवढ्याच ठिकाणी या दोन गरजा एकमेकींना भेटतात. ड जीवनसत्त्वावाचून अन्नातील कॅल्शियम अंगी लागत नाही. पिलांची हाडे झपाट्याने वाढत असल्यामुळे अभाव त्यांनाच आधी भोवतो: पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, फांदीवरची पकड सुटते. मुलांच्या मुडदुसाचाच हा प्रकार.

साध्या तापदिव्यातून हे किरण येत नाहीत. खिडकीच्या काचेतून ऊन येते, पण हे किरण काच अडवते. बंद काचेआड ऊन खाणारे पिलू म्हणूनच तापते आणि तरी उपाशी राहते. त्याला जंबुपार किरण देणारा लांब नळीदिवा लागतो. तो डोळ्यांना लख्ख दिसत असला, तरी त्यातील उपयुक्त किरण महिनोगणिक घटत जातात. सहा महिने ते वर्षभराने तो बदलावा लागतो. जाळीही बराच भाग अडवते. जून ते सप्टेंबरपर्यंत बंगळूरवर ढगांचे आच्छादन असते, तेव्हा हा दिवा अधिकच हवा. तो दिवसाचे बारा तास ठेवणे पुरेसे आहे; या अक्षांशावर दिवसही वर्षभर सव्वाअकरा ते तेरा तासांच्या आतच असतो.

उघड्या गच्चीवरचे कोवळे ऊन मात्र सर्व दिव्यांहून सरस. सकाळी जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली धरून, पाव तास ठेवावे आणि तेथून हलू नये. काचेची पेटी उन्हात कधीही नेऊ नये. ती क्षणात भट्टी होते. सूर्यप्रकाशाने ड जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही, कारण जादा पूर्वरूप निरुपद्रवी द्रव्यांत बदलते. भुकटीतून पोटात दिलेल्या जीवनसत्त्वाचे तसे नाही. २००९ मध्ये कार्स्टन, फर्ग्युसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करच्या घोयऱ्यांवरील संशोधन प्रसिद्ध केले. ज्यांच्या आहारात ड जीवनसत्त्व कमी होते ते किरणांत अधिक वेळ गेले, ज्यांना पुरेसे होते ते कमी. निवड करण्यास जागा असेल तर प्राणी आपली मात्रा बऱ्याच अंशी स्वतः ठरवतो.

ही निवड रंगावरूनही वाचता येते. थंड पिलू काळसर होऊन आपली बाजू उजेडाकडे पसरते. पुरेसे तापले की उजळ हिरवे होते. फिकट पडून तोंड उघडे ठेवू लागले, तर तत्काळ दिवा वर घ्यावा व पाणी शिंपडावे. संध्याकाळी उजेड मावळताच ते फांदीच्या टोकाशी जाऊन शेपटी गुंडाळते आणि अगदी फिका रंग घेऊन झोपते. त्यानंतर सकाळपर्यंत तिकडे जाऊ नये.